बेळगाव भागात घर विकायचंय? आधी उतारा, मग रंग

घर विकायचं ठरलं की आपल्याकडे रंगारी आधी येतो आणि उताऱ्यावर कुणाचं नाव आहे हे नंतर बघितलं जातं. क्रम उलटा हवा. शहापूर असो, अनगोळ असो की खानापूर, इथला सौदा भिंतीच्या रंगावरून क्वचितच मोडतो. तो मोडतो उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असल्यामुळे, नाहीतर गडहिंग्लजला दिलेल्या बहिणीने सही नाकारल्यामुळे. गिऱ्हाईक आल्यावर कागद गोळा करायला बसलात की दोन-तीन महिने जातात. तेवढ्यात त्याला दुसरं घर मिळतं, किंवा तुमची अडचण ओळखून तो भाव पाडतो. म्हणून घर विकायला काढायच्या किमान चार-सहा महिने आधी कामाला लागा.

पहिलं काम: घर कुणाच्या हद्दीत आहे ते बघा

कोणते कागद लागतील हे घर कुठल्या हद्दीत येतं त्यावर ठरतं.

जुन्या शहरात, म्हणजे शहापूर, खडेबाजार, गणपत गल्ली वगैरे भागांत, सिटी सर्व्हे झालेला आहे. तिथं सीटीएस नंबरचा उतारा म्हणजे प्रॉपर्टी कार्ड लागतं आणि त्याशिवाय महापालिकेचा ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा संगणकीकृत उतारा. या दोन दप्तरांचा एकमेकांशी मेळ असेलच असं धरू नका. महापालिकेत कर भरणाऱ्या थोरल्या भावाचं नाव आणि प्रॉपर्टी कार्डावर तिघा भावांचं, हे घरोघरी दिसतं. आता ई-खात्याशिवाय खरेदीखत नोंदवून घेत नाहीत, त्यामुळे ही तफावत शेवटच्या दिवशी सांभाळून घेता येत नाही.

बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, लेआउटमधला प्लॉट असेल तर मूळ वाटपपत्र, लीज-कम-सेलचा (आधी भाडेपट्टा, मग विक्री असा) करार आणि नंतरचं खरेदीखत अशी साखळी पूर्ण हवी. कितीतरी लोकांनी हप्ते फेडले, घर बांधलं, पण बुडाकडून शेवटचं खरेदीखत करूनच घेतलेलं नसतं.

हिंडलगा, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तू या संगणक प्रणालीतून फॉर्म ९ आणि ११ हा घराचा उतारा निघतो. गावठाणातलं घर असेल तर सहसा अडचण येत नाही. शेतजमिनीचे गुंठे पाडून, एन.ए. (बिगरशेती) न करता बांधलेल्या घराचा फॉर्म ११-ब किंवा शहरात बी-खाता असा दुय्यम उतारा निघतो. त्यावर कर्ज द्यायला बहुतेक बँका नाखूश असतात. गिऱ्हाईक रोख पैशाचंच शोधावं लागतं आणि तसं गिऱ्हाईक आपल्या अटींवर भाव मागतं. प्लॉट नुसत्या बाँडवर (स्टॅम्प पेपरवर लिहून) घेतलेला असेल, नोंदणीच झालेली नसेल, तर तो मूळ जमीनमालकाकडून नोंदवून घेणं हेच पहिलं काम. मालक हयात आहे तोवर ते उरका.

कॅम्पातली मालमत्ता हे वेगळंच प्रकरण आहे. तिथं कॅन्टोन्मेंट बोर्डाचं दप्तर चालतं, आणि जुन्या बंगल्यांची जमीन पुष्कळदा सरकारचीच असते, आपली असते ती वरची इमारत. कॅन्टोन्मेंटची कामं केलेला वकील गाठल्याशिवाय तिथं भावाची गोष्टसुद्धा काढू नका.

कागद जुळवताना कुठं अडतं

जुनी खरेदीखतं काढून बसा. मुंबई इलाख्याच्या काळातलं एखादं खत मोडीत निघेल, पन्नासच्या दशकातलं देवनागरी मराठीत, आणि १९५६ नंतरचे कागद हळूहळू कन्नडमध्ये गेलेले. घेणाऱ्याच्या बँकेचा वकील मोडी वाचत बसणार नाही. जाणकाराकडून लिप्यंतर करून, त्याचं इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून आधीच जोडून ठेवा.

नावांचा घोळ याहून मोठा. खतात ‘बाळू’, आधारवर ‘बाळकृष्ण’, कन्नड उताऱ्यावर आडनावच नाही, नुसतं स्वतःचं आणि वडिलांचं नाव. आईचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्यायला एक सकाळ पुरते. तेच उपनिबंधक कार्यालयात, रांगेत उभं असताना लक्षात आलं तर तो दिवस वाया जातो आणि घेणाऱ्याच्या मनात शंका शिरते ती निराळीच.

क्षेत्रफळही ताडून बघा. जुन्या खतात चौरस वार, प्रॉपर्टी कार्डावर चौरस मीटर, गावाकडच्या कागदात गुंठे-आणे आणि बोलताना सगळे चौरस फूट. एक चौरस वार म्हणजे ९ चौरस फूट, एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सोळा आण्यांचा गुंठा, म्हणजे एक आणा साधारण ६८ चौरस फुटांचा. टेप घेऊन स्वतः मोजा. कागदावर १,२०० आणि जागेवर १,१४० भरत असेल तर भाव १,१४०चाच सांगा, कारण बँकेचा माणूस येऊन मोजणारच आहे.

चतुःसीमा वाचा. ‘पूर्वेस अमुक यांचे घर’ असं लिहिलेल्या त्या अमुकांनी ते घर वीस वर्षांपूर्वी विकलेलं असतं. नव्या खतात सध्याच्या शेजाऱ्यांची नावं आणि त्यांचे सीटीएस नंबर यायला हवेत. गल्लीतल्या घरात सामाईक भिंत, मधली बोळ, शेजाऱ्याच्या पागोळ्यांचं पाणी कुणाच्या हद्दीत पडतं, असले वाद असतील तर ते तुम्हीच मिटवा. दहा बाय दोन फुटांच्या बोळासाठी शेजाऱ्याने हरकत घेतली तर अख्खं घर अडकून पडतं. त्याच्याकडून दोन ओळींचं संमतिपत्र मिळालं, तर त्याची किंमत नव्या रंगापेक्षा जास्त आहे.

नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावरून बोजा प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला ईसी म्हणतो ते, काढा. नोंदी असतील तर फॉर्म १५ येतो, काहीच नसेल तर फॉर्म १६. बँकांचे वकील सहसा तेरा ते तीस वर्षांचा ईसी मागतात. जुन्या वर्षांचा ईसी कार्यालयातल्या पुस्तकांतून काढावा लागतो, त्याला वेळ धरा. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज फेडून दहा वर्षं झाली तरी बोजा तसाच दिसतो, कारण तो कमी करायचा कागद कुणी नोंदवलेलाच नसतो. ‘बाकी नाही’ एवढा दाखला आणून भागत नाही. बोजा कमी केल्याची नोंद ईसीत आणि उताऱ्यावर दिसली पाहिजे.

बहिणींच्या सह्या

हा विषय घरात अवघड जातो, म्हणून लोक तो टाळत राहतात. खण-नारळाने ओटी भरली, भाऊबीज चुकवली नाही, म्हणून बहिणीचा हक्क सुटत नाही. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर आई, मुलगे, मुली आणि आजी (वडिलांची आई) हयात असेल तर तीही, असे सगळे सारखे वारस. वडिलोपार्जित घरातही २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीला जन्मतःच मुलाएवढा हक्क आहे, आणि त्यासाठी २००५मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात स्पष्ट केलंय. कर्नाटकात तर राज्याची स्वतःची दुरुस्ती त्याआधीच, १९९४ साली लागू झाली होती.

रस्ते दोनच: बहिणीकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या, किंवा खरेदीखतावर तिलाही विकणार म्हणून घ्या आणि तिच्या वाट्याचे पैसे थेट तिच्या खात्यात जाऊ द्या. माझा कौल दुसऱ्याला. पुढं कुरबुर राहत नाही, आणि करही ज्याच्या-त्याच्या वाट्यावर बसतो, एकाच्या डोक्यावर सगळा येत नाही.

पुण्यात किंवा कोल्हापुरात राहणाऱ्या बहिणीला येणं जमत नसेल तर ती तिथल्याच उपनिबंधकासमोर मुखत्यारपत्र करून देऊ शकते. मुलगा परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकन करून घ्यावं लागतं आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथं मुद्रांक भरावा लागतो. महसूल खात्याच्या नाडकचेरीतून वंशावळ काढा आणि मृत्यू दाखलेही गोळा करून ठेवा. वंशावळीत एकही नाव गाळू नका, अगदी ‘तिचा आमच्याशी संबंध नाही’ म्हणावं अशा बहिणीचंही.

डागडुजी: पाणी आधी, रंग शेवटी

बेळगावचा पाऊस घराचं खरं-खोटं बाहेर काढतो. घेणारा आत आला की आधी छताच्या कोपऱ्यात आणि जमिनीलगतच्या फूटभर भिंतीकडे बघतो. पोपडे सुटलेले दिसले की तो मनातल्या मनात दोन लाख वजा करतो, दुरुस्तीला वीस हजारच लागणार असले तरी.

कौलारू घर असेल तर मे संपायच्या आत शाकारून घ्या. फुटकी मंगलोरी कौलं बदला, वाळवी लागलेल्या रिपा काढा आणि परन्हाळ साफ करा. वाशाला सळईने टोचून बघा. वरून धड दिसणारा वासा आतून पोकळ निघतो. आरसीसी घरात गच्चीचा कोबा, पॅरापेटच्या कडेची भेग आणि न्हाणीखालची गळती या तीन जागा धरा. ओल थांबल्यावर भिंत पूर्ण सुकू द्या, मगच रंग. ओल्या भिंतीवर मारलेला रंग पहिल्याच पावसात फुगतो, आणि ‘झाकून विकायला निघालेत’ असा गिऱ्हाइकाचा समज होतो, तो मग निघत नाही.

रंगही सगळीकडे नको. दर्शनी बाजू, सोपा (ओसरी) आणि स्वयंपाकघर एवढं पुरे. नवा ओटा, मॉड्युलर कपाटं, भारी टाइल्स यांत पैसे घालू नका. घेणारा त्याच्या आवडीने सगळं बदलतो, तुमचा खर्च भावात उतरत नाही. शहाबादी फरशी घासून स्वच्छ केली की ती नव्या स्वस्त टाइलपेक्षा चांगली दिसते.

वायरिंग मात्र करा. लाकडी पट्टीतली जुनी वायर आणि फ्यूज असलेलं घर बघून बायका आत येतानाच नाक मुरडतात, आणि ते बरोबरच आहे. फ्यूजच्या जागी एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) बसवा. हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, मीटर कुणाच्या नावावर आहे तेही याच वेळी बघून घ्या. आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) अजून आजोबांच्या नावावर असला तर बदलून घ्या.

पाण्याबद्दल खरं सांगा. नळ किती दिवसांनी येतो, टाकी केवढी, विहीर आहे का. परड्यातली विहीर उपसून, गाळ काढून, वर जाळी बसवली तर तीच घराची मोठी जमेची बाजू ठरते. एप्रिलअखेर पाणी किती फुटांवर होतं याचा फोटो काढून ठेवा. नोव्हेंबरात भरलेली विहीर दाखवून कुणाची खात्री पटत नाही.

वडगाव-खासबागच्या बाजूला घरातच माग असलेली घरं आहेत. माग बंद असेल तर तो आधी हलवा, खड्डा भरून जमीन सारखी करा. तीच जागा मोकळी दिसली की लोकांना तिथं खोली दिसते. माळ्यावरची अडगळ, कुणाच्या तरी लग्नातले पाट, मोडके पंखे सगळं काढा. रिकामं घर लहान वाटतं म्हणून चार खुर्च्या असू द्या. देवघर तसंच राहू दे, तुळशीला पाणी घाला. बंद पडलेल्या घरात लोक पाय ठेवायला कचरतात.

घरात भाडेकरू असेल तर त्याला काढून मगच विकायला काढा.

भाव कसा काढायचा

‘समोरच्याने साठ लाखाला विकलं’ या वाक्यावर भाव ठरवू नका. समोरच्याचा रस्ता तीस फुटी, तुमचा बारा फुटी असू शकतो, आणि साठ हा आकडा त्याने पाहुण्यांना सांगितलेला असतो.

जागा आणि बांधकाम वेगळं करा. खालचे दर फक्त पद्धत दाखवायला घेतलेत, तुमच्या गल्लीचे नाहीत. समजा ३० बाय ४०चा प्लॉट, म्हणजे १,२०० चौरस फूट, आणि जागेचा दर फुटाला २,५०० रुपये. जागा झाली ३० लाखांची. वर १,१०० चौरस फूट बांधकाम, आज बांधायचं तर १,८०० रुपये फूट, म्हणजे १९ लाख ८० हजार. घर २५ वर्षांचं, आरसीसीचं आयुष्य ६० वर्षं धरलं तर ३५ वर्षं शिल्लक. १९.८० लाखांचे साठातले पस्तीस भाग म्हणजे ११ लाख ५५ हजार. एकूण ४१ लाख ५५ हजार. हा झाला पाया. आता रस्त्याची रुंदी, कोपऱ्याचा प्लॉट, पूर्वेचं दार, गाडी दारात उभी राहते का, यावरून पाच-दहा टक्के वर-खाली.

मातीच्या भिंतींच्या जुन्या घराला हे गणित लावू नका. घेणारा ते पाडणार असतो. तिथं जागेचा भाव, वजा पाडायचा खर्च, अधिक सागवानी तुळया-दारं आणि घडीव दगड. त्या लाकडाची किंमत दोन वखारवाल्यांकडून स्वतंत्रपणे काढा. वाड्याच्या चौकटी कधीकधी घरापेक्षा मौल्यवान असतात, आणि ‘आहे त्या स्थितीत’ म्हणून त्या फुकट जातात.

जागेचा दर कळायला गेल्या वर्षभरातले तीन-चार खरे व्यवहार हवेत. आसपासच्या मालमत्तांच्या ईसीत व्यवहाराची रक्कम दिसते. ती बहुतेकदा खऱ्यापेक्षा कमी असते, पण त्याखाली जायचं नाही एवढं नक्की कळतं. दुसरी खूण सरकारी गाईडन्स व्हॅल्यू, महाराष्ट्रात जिला रेडीरेकनर म्हणतात ती. कर्नाटकात ती १ ऑक्टोबर २०२३पासून वाढवली गेली. त्यापेक्षा कमी भावाला विकलं तरी मुद्रांक शुल्क गाईडन्स व्हॅल्यूवरच बसतं, आणि फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर आयकर खातंही तुमची विक्री वरच्याच किमतीला झाली असं धरतं. तिसरी खूण म्हणजे बँकेच्या पॅनेलवरचा मूल्यांकक. चार-पाच हजार खर्चून त्याचा अहवाल आधीच घ्या. घेणाऱ्याला कर्ज किती मिळेल हे त्याच्या आकड्यावर ठरतं आणि तुमच्या भावाची खरी मर्यादा तीच असते.

घेणाऱ्याच्या खिशाचाही विचार करा. ३१ ऑगस्ट २०२५पासून कर्नाटकात नोंदणी शुल्क एक टक्क्यावरून दोन टक्के झालं. हे दोन टक्के, मुद्रांक ५ टक्के आणि त्यावरचा उपकर आणि अधिभार धरून शहरात एकूण ७.६ टक्के पडतात. ४५ लाखांच्या घराला ३ लाख ४२ हजार. गोव्याहून येणारं गिऱ्हाईक, निवृत्तीनंतर इथं स्थायिक होऊ पाहणारा फौजी, इस्पितळातला तरुण डॉक्टर, सगळे एकूण किती जाणार हेच मोजतात.

मागायचा आकडा काढलेल्या भावाच्या पाच-सात टक्के वर ठेवा. वीस टक्के वर ठेवलात तर एजंट तुमचं घर ‘बघा, हे महाग, आणि आता ते दुसरं’ म्हणायला वापरतात. सहा महिने घर पडून राहिलं की ‘काहीतरी भानगड असणार’ हे गल्लीच सांगायला लागते. आणि खालचा आकडा, ज्याच्या खाली उतरायचं नाही तो, सगळ्या भावंडांनी आधी बसून ठरवा आणि बोलणी एकानेच करावीत. एजंटशी कमिशन लेखी ठरवा. साधारण एक ते दोन टक्के चालतं.

वेळ कोणती? पितृपक्षात आणि अधिक महिन्यात सौदे होत नाहीत. तेव्हा कागद उरका, दसऱ्याला घर बाजारात आणा. दुसरा हंगाम पाडव्यापासून मेअखेरपर्यंत, शाळा बदलायच्या आधीचा. पण घर न गळणारं असेल तर जुलैच्या झडीतही दाखवा. त्याहून मोठी जाहिरात नाही.

संचकार ते चावी

संचकार, म्हणजे इसार, घेताना करारात चार गोष्टी असू द्या: एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा, मुदत (तीन महिने पुरे), आणि कुणी माघार घेतली तर संचकाराचं काय. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.

रोख मागणारा आणि ‘निम्मं वर, निम्मं खाली’ म्हणणारा गिऱ्हाईक भेटेलच. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय कागदावरचा आकडा घटला की त्याचं कर्जही घटतं, आणि व्यवहार लांबतो. नाही म्हणा.

खरेदीखत बाँड रायटर, म्हणजे दस्तलेखक, बहुधा कन्नडमध्ये लिहितो. कन्नड वाचता येत नसेल तर मसुदा दोन दिवस आधी घेऊन विश्वासातल्या माणसाकडून शब्दन् शब्द वाचून घ्या, नाहीतर इंग्रजीत करायला सांगा. नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि रक्कम स्वतः ताडा. २०२४पासून जिल्ह्यातल्या कुठल्याही उपनिबंधक कार्यालयात नोंदणी करता येते, त्यामुळे शहरात गर्दी असेल तर दुसरीकडची तारीख घ्या. डीडी किंवा आरटीजीएसचा क्रमांक खतात यायला हवा. पैसे खात्यात जमा झाल्याचं बघून मग अंगठा, आणि चावी त्यानंतर.

कर

दोन वर्षांहून जुन्या घरावर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर लागतो. २३ जुलै २०२४पूर्वी घेतलेल्या घराला निवासी भारतीयांसाठी दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के, किंवा लावून २० टक्के. वारसाने आलेलं जुनं घर असेल तर १ एप्रिल २००१ची किंमत धरता येते, नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून, पण त्या तारखेच्या सरकारी दराहून जास्त नाही.

समजा २००१ची किंमत ६ लाख आणि विक्री ४५ लाखांना. २०२५-२६चा निर्देशांक ३७६ (२००१चा १००), म्हणजे ६ लाखांचे झाले २२ लाख ५६ हजार. नफा २२ लाख ४४ हजार, त्यावर २० टक्क्यांनी सुमारे ४ लाख ४९ हजार. निर्देशांक न लावता नफा ३९ लाख, १२.५ टक्क्यांनी ४ लाख ८८ हजार. इथं निर्देशांकाचा हिशेब स्वस्त पडला. पण २००१ची किंमत ५ लाखच असती तर उलटं झालं असतं. हा निर्देशांक धरला तर, विक्रीचा भाव २००१च्या किमतीच्या सुमारे ८.४ पटीहून जास्त असेल तेव्हा १२.५ टक्के फायद्याचे. दोन्ही करून बघा.

दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, तीन वर्षांत बांधलं किंवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतचे ठरावीक सरकारी बाँड घेतले तर कर वाचतो. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर ठरलं नाही तर पैसे बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवा, साध्या बचत खात्यात ठेवलेले धरत नाहीत. विक्री ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. तो तुमच्या पॅनवर जमा झालेला दिसेपर्यंत त्याच्या मागे लागा. परदेशस्थ भावाच्या वाट्यावर टीडीएस बराच जास्त कापला जातो, त्याच्यासाठी कमी कपातीचा दाखला आधीच मागवावा लागतो.

मूल्यांककाचा अहवाल, खताची प्रत आणि डागडुजीची बिलं एका फाइलीत ठेवा. आयकराची नोटीस दोन-तीन वर्षांनीही येते.